पेटीवाल्यांनो, बाख असा ऐका

शहापुरात माझा पेटीचा क्लास आहे. मुलं प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षांना बसतात, त्यांचे आजोबा गुरुवारच्या भजनाला. परवा त्यांतल्याच एका आजोबांनी विचारलं, "बाई, तो जर्मनीचा बाख तुम्ही ऐकता म्हणं. आम्हाला कळंल काय ते?" मी म्हटलं, कळेल, आणि पुष्कळांपेक्षा लवकर कळेल. बाख हा तिकडचा जुना संगीतकार, त्याला ऐकायला साथ करणाऱ्याचा कान लागतो. तो तुमच्याकडे आहेच.

आधी एक गोष्ट. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मी पहिल्यांदा तसाच ऐकला, खानापूरच्या एसटीत, खिडकीशी बसून. वरचे स्वर तेवढे टिणटिणत होते. यात काही नाही, असं ठरवून वर्षभर परत वाट्याला गेले नाही. त्या इवल्याशा स्पीकरातून खालचे स्वर बाहेरच येत नाहीत, आणि बाखचा अर्धा जीव खाली असतो. साधा इअरफोन चालेल, पण कानाला नीट बसणारा हवा.

मग ऐकू नका, वाजवा. पांढरी एकचा सा धरा आणि सावकाश म्हणा: सा ग प सां गं, प सां गं. आठ स्वर झाले. हेच पुन्हा एकदा, म्हणजे सोळा. तीनतालाचं एक आवर्तन भरलं. 1722 साली बाखनं बाराही पट्ट्यांत, प्रत्येक पट्टीत शुद्ध गंधाराची एक आणि कोमल गंधाराची एक, अशा चोवीस जोड्या लिहून काढल्या; जोडीत आधी सुरुवातीचा प्रिल्यूड, मग फ्यूग. त्यातली ही पहिली रचना, सी मेजर (पांढरी एक, शुद्ध गंधार) प्रिल्यूड. पट्टी बदलली की वाद्य बेसूर वाटतं ही तक्रार त्या काळी तिकडेही होती. सगळ्या पट्ट्यांत वाजवता येईल असं वाद्य लावता येतं, हे त्याला दाखवायचं होतं. काळी चारच्या गायकाबरोबर बसून लगेच पांढरी चारच्या बाईंची साथ करणाऱ्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

दुसरं आवर्तन: सा रे ध रें मं, ध रें मं. तिसऱ्यात सा सुटतो आणि मंद्र नि येतो. चौथ्यात पुन्हा पहिलंच. एका हातानं ही उडी जमत नाही. क्लासात मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवते आणि एका मुलीला भाता मारायला बसवते. पहिल्या दिवशी ती भाता मारता मारता थांबलीच. "बाई, गाणं कुठाय?" तिचं म्हणणं खरं होतं. गाणं नाही, चाल नाही, स्वरांचे नुसते झुबके. पण प्रत्येक झुबक्यातला सगळ्यात खालचा स्वर तेवढा ओढून धरा, सा सा नि सा, आणि पुढे जा. तळाशी कुणीतरी पायऱ्या उतरतोय असं वाटायला लागतं. ते गाणं.

सहाव्या आवर्तनात काळी तीन येते. तीव्र मध्यम. आपला कान लगेच राग शोधायला लागतो, यमन की बिहाग? इथे मी फार दिवस अडकले. हा राग नाही. बाख षड्ज हलवतोय. अकराव्या आवर्तनाला पंचम असा स्थिर होतो की तोच सा वाटावा, आणि बाराव्यात काळी एक आणि काळी पाच एकदम येतात, पोटात धस्स होतं. आपल्याकडे तानपुरा लावला की षड्ज जागचा हलत नाही, ती आपली श्रद्धा. बाखच्या संगीतात षड्ज घर सोडून जातो आणि परत येतो, ऐकायची ती त्या येण्याची ओढ. म्हणून बाख ऐकताना तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा. चोविसाव्या आवर्तनापासून आठ आवर्तनं खाली एकच पंचम घुमत राहतो, आणि मग खर्जात सा लागतो. पस्तीस आवर्तनांत सगळं संपतं. आठवडाभर रोज हे एवढंच ऐका.

त्याला जोडूनच फ्यूग आहे. विषय असा: सा रे ग म, प म ग, ध रे प. एक आवाज एकटा हे म्हणतो. मग दुसरा तेच पंचमावरून उचलतो. भजनात एकानं चरण म्हटला की बाकीचे झेलतात, तसंच, पण इथे पहिला गप्प बसत नाही, दुसरीच ओळ धरून सोबत चालतो. मग तिसरा, चौथा. मुख्य गायक कोण आणि साथीला कोण, असं काही उरतच नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे मागे पेटी वाजवलेल्या बाईला हे ऐकताना काय वाटलं असेल, ते पेटीवाल्यांनाच कळेल. विषय गुणगुणून पाठ करा आणि तो कितीदा कानात सापडतो ते बोटांवर मोजा. मला पहिल्यांदा सहा सापडले. आहेत चोवीस.

बाखचं चरित्र वाचलंच पाहिजे असं नाही, पण एवढं ठाऊक असू द्या. जन्म 1685 चा. दहा वर्षांचा होईतो आई-बाप दोघंही गेले. 1723 पासून 1750 ला मरेपर्यंत तो लायप्झिगच्या चर्चमध्ये नोकरीला होता, रविवारच्या प्रार्थनेला संगीत पुरवायचं काम. लोकांना तोंडपाठ असलेल्या स्तोत्रांच्या चाली तो घ्यायचा, आपल्याकडे काकड्याच्या चाली असतात तशा, आणि त्यांच्याखाली नवे स्वर घालायचा. बऱ्याच रचनांच्या शेवटी तीन अक्षरं टाकायचा, एस. डी. जी. अर्थ असा की महिमा एकट्या देवाचा. आपण कृष्णार्पणमस्तु म्हणतो.

एकाच वाद्याचा बाख हवा असेल तर चेलोचा (व्हायोलिनच्या जातीचं, खालच्या सुरांचं वाद्य) पहिला स्वीट, म्हणजे छोट्या रचनांचा संच, घ्या, चेलोवादक पाब्लो कासाल्सचं जुनं ध्वनिमुद्रण. सुरुवात सा प गं रें गं प गं प, पांढरी पाचच्या पट्टीत. यावर फार बोलत नाही, वाजवून बघा.

आता तबल्याच्या सोलोला लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी एकच ओळ, धरणाऱ्यांसाठी शेवटचं. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनवरचा सी मायनर (पांढरी एक, कोमल गंधार) पासाकाल्या, म्हणजे एकाच लेहऱ्यावर उभी केलेली रचना. सुरुवातीला दोन्ही हात रिकामे, नुसत्या पायांनी, पायांखालच्या पट्ट्यांवर, लेहरा वाजतो: सा, प, कोमल ग, म, प, कोमल ध... स्वर सगळे कीरवाणीचे. तीन-तीन मात्रांचे आठ गट, चोवीस मात्रांचं आवर्तन. मांडीवर हात ठेवून सम धरा आणि अजिबात सोडू नका. वर वीस वेळा वेगवेगळी मांडणी येईल, हात कितीही पळोत, तुम्ही लेहऱ्यालाच चिकटून राहा. मधे एकदा तो पायांतून उठून सगळ्यात वरच्या आवाजात जाईल, तेव्हा चुकाल. मीही चुकले होते. मागे जाऊन पुन्हा धरा. विसावी मांडणी संपली की थांबायचं नाही, फ्यूग सुरू होतो, आणि त्याचा विषय म्हणजे त्याच लेहऱ्याचा पहिला अर्धा भाग. इतका वेळ खाली मुकाट साथ करणारा आता स्वतः गायला लागतो.