जीआर मधला तो लांबलचक आकडा कसा वाचायचा

निधीच्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) लेखाशीर्ष, म्हणजे पैसा सरकारच्या कोणत्या हिशेबात धरला जातो त्याचा क्रमांक, दिलेलं असतं ना, त्यातले पहिले 4 आकडे बघा फक्त, अर्धं काम तिथेच होतं. पहिला आकडा 0 किंवा 1 असेल तर महसुली जमा, 2-3 म्हणजे महसुली (रोजचा, चालू) खर्च, 4-5 भांडवली (बांधकामासारखा टिकाऊ) खर्च, 6-7 कर्ज नि अ‍ॅडव्हान्स, आणि 8 म्हणजे आकस्मिकता निधी (अचानक येणाऱ्या खर्चासाठीचा) नाहीतर लोकलेखा (सरकारने फक्त सांभाळायला ठेवलेला इतरांचा पैसा). एकाच विषयासाठी पुढचे तीन आकडे बहुतेक तेच राहतात, म्हणजे आरोग्याचा पगार, औषधं 2210 मधून आणि दवाखान्याची बिल्डिंग 4210 मधून.

गावात "3054 चा रस्ता, 5054 चा रस्ता" म्हणतात ते हेच, पहिल्यात मुख्यतः दुरुस्ती-देखभाल, दुसऱ्यात भांडवली काम. माहिती अधिकारात अर्ज करताना नुसतं "रस्त्याचा खर्च द्या" लिहू नका (मोघम उत्तर येतं), लेखाशीर्ष आणि आर्थिक वर्ष दोन्ही टाका.