जुनी कॅराव्हॅन घेताय? या चुका टाळा

डीलरच्या यार्डात कॅराव्हॅन बघायला गेलात की दार आधीच उघडं असतं. आत एसी थंडगार, बर्थवर नवी चादर, कपाटाखाली एलईडीची पिवळी पट्टी. पोरं दोन मिनिटांत वरच्या बर्थवर, मोठी माणसं सिंकचा नळ सोडून बघतात, आणि पाणी आलं की सगळे खूश. बोनेट उघडायला सांगणारा माणूस क्वचित भेटतो. गाडीखाली वाकून बघणारा त्याहून क्वचित. आरसी हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा मला अजून भेटायचाय.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझी शेड आहे. व्हॅनचं वायरिंग, इन्व्हर्टर, टपाची गळती ही आमची कामं. गाडी आमच्याकडे येते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात, म्हणजे सल्ला द्यायची वेळ टळलेली असते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आरसी न वाचता टोकन देणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच 'कॅराव्हॅन' कागदोपत्री कॅराव्हॅन नसतातच. कुणाची टूरवाल्याकडची ट्रॅव्हलर असते, कुणाची शाळेची मिनीबस, कुणाची चक्क रुग्णवाहिका. मागच्या मालकाने सीटा काढल्या, प्लायचं फर्निचर ठोकलं, गाडीचा रंग बदलला. आरसीवर मात्र अजून 'बस' आणि सीटा तेरा.

ऐरोलीच्या एका जोडप्याची गोष्ट सांगतो. दोघं आयटीत, वर्क फ्रॉम होम, दर शनिवारी कोकणात जायचं स्वप्न. घोडबंदर रोडवरच्या एका डीलरकडे त्यांनी फोर्स ट्रॅव्हलर पाहिली. पिवळी पाटी, परराज्याचं पासिंग. डीलर म्हणाला, "साहेब, पांढरी पाटी करून देतो, आपला माणूस आहे आरटीओत." यांनी पूर्ण पैसे दिले आणि गाडी घरी आणली. डिलिव्हरीच्या आधी नवऱ्याचा मला फोन आला होता, "काका, इन्व्हर्टर कुठला घालू?" मी विचारलं, आरसीवर बॉडी टाइप काय लिहिलंय? पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ते डीलर बघतोय."

डीलरने बघितलं नाही. परराज्याची गाडी, म्हणजे तिकडचा ना हरकत दाखला हवा, इथला टॅक्स भरायला हवा. धंद्याची गाडी खासगी करायची तर आधी परमिट परत करायला हवं. हे सगळं कटकटीचं असलं तरी होतं. अडलं ते गाडी आरटीओत तपासायला नेल्यावर. आरसीवर तेरा सीटा आणि आत सीटा चार, दोन बर्थ, एक शेगडी. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं, सीटा परत लावून आणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल परस्पर करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलंय. परस्पर केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद कायद्यात आहे. गाडी विकत घेणाऱ्याला 'मागच्या मालकाने केलं' एवढंच म्हणता येतं, आणि ते ऐकायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

मागच्या मालकाने काढलेल्या सीटा कुठल्या भंगारात गेल्या ते देवाला माहीत. 'आपला माणूस' फोन उचलेना. अख्खा पावसाळा गाडी सोसायटीबाहेर उभी राहिली, हप्ते चालूच. शेवटी त्यांनी ती त्याच डीलरला बरीच पडती किंमत घेऊन परत दिली. पुढच्या महिन्यात मी तिथून जात होतो, गाडी यार्डात पुढेच उभी. पडदे नवे लावले होते.

तर आरसीवर तीन रकाने बघा: वाहनाचा वर्ग, बॉडीचा प्रकार आणि सीटांची संख्या. स्लीपरचा वेगळा रकाना असतो, तिथे शून्य असेल आणि आत दोन बर्थ असतील तर तिथेच थांबा. खऱ्या कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. बांधणाऱ्याने त्याप्रमाणे मंजुरी घेतली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये असते. "आहे, ऑफिसात आहे" म्हणाला तर ऑफिसात जा. वाहनाचा तपशील परिवहनच्या साइटवर आणि एमपरिवहन अॅपवर दिसतो, तो डीलरच्या कागदाशी ताडून पाहा. बँकेचा बोजा चढलेला असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

डीलरबद्दलही एक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी नोंद फॉर्म २९सी ने पोर्टलवर होते. त्यानंतर गाडीच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी डीलरवर येते. ही दोन्ही कागदपत्रं मागा. डीलरचा चेहरा पडला तर समजा की तो नुसता मधला माणूस आहे, गाडी अजून नागपूर नाहीतर बडोद्याच्या कुणाच्या नावावर आहे आणि कपाटात त्याच्या कोऱ्या सह्यांचे फॉर्म २९-३०, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म, पडलेत. ट्रान्सफरच्या वेळी त्या माणसाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागला की मग बसा शोधत.

दिल्लीच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या इथे स्वस्तात येतात, कारण तिथे त्यांच्यावर बंदीची टांगती तलवार असते. गाडी चांगलीही असू शकते. पण महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि त्याचा टॅक्स धरून किंमत लावली की 'स्वस्त' बऱ्यापैकी विरघळतं.

उन्हाळ्यात टप न बघता घेणे

एप्रिल-मे म्हणजे कॅराव्हॅन विकायचा मोसम. सुट्ट्या असतात, लोक उतावीळ असतात आणि आभाळ कोरडं असतं. डीलरला यातलं शेवटचं सगळ्यात सोयीचं.

व्हॅनचा टप कंपनीतून येतो तेव्हा गळत नाही. मग त्यावर रूफ एसीसाठी मोठा चौकोन कापतात, हवेसाठी झरोका कापतात, सोलर पॅनलच्या फ्रेमचे स्क्रू आरपार मारतात, बाहेर उघडणाऱ्या कापडी चांदणीची पट्टी बसवतात. प्रत्येक भोक गळायला मोकळं. आणि आपल्याकडे त्यावर इलाज ठरलेला आहे: सिलिकॉनची ट्यूब. गळलं की मार सिलिकॉन. परत गळलं की त्याच्यावरच अजून एक थर. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही हे शंभर वेळा सांगून झालं. जुनं खरवडून, पत्रा साफ करून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट नाहीतर ब्यूटाइल टेप लावायची असते. वेळ लागतो म्हणून कुणी करत नाही. झटपट कामाचा मला राग आहे तो इथूनच आलाय.

गेल्या जूनमध्ये एक गाडी आली. मालक तुर्भ्याचे, गाडी दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. तक्रार काय, तर बाथरूमजवळचा दिवा लागला की ठिणगी उडते. दिवा काढला, तर मागून अर्धा ग्लास पाणी खाली. पाणी शिरत होतं पुढे, एसीच्या चौकटीतून. एसीच्या वजनाने टप तिथे बशीसारखा खोलगट झाला होता, त्यात पाणी साचायचं. ते आतल्या सिलिंगवरून, पत्र्याच्या वाकातून मागे पळायचं आणि मागच्या कपाटात उतरायचं. कपाटाची मागची फळी दाबली तर अंगठा आत गेला. साधं कमर्शियल प्लाय होतं, वरून छान सनमायका. पाण्यात टिकणारं प्लाय आयएस ७१० चं असतं, शिक्का फळीच्या कडेला किंवा मागे सापडतो, पण बनवून घेणारे पैसे वाचवतात आणि तुम्ही सनमायकाचं डिझाइन बघता. त्याच कपाटात इन्व्हर्टर होता. अर्धी गाडी सोलावी लागली.

माझी स्वतःची सवय अशी: गाडी बघायला पावसाळ्यातच जायचं, तेही दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर. किंमतही तेव्हा खाली येते. उन्हाळ्यातच घ्यायची असेल तर डीलरला पाइप लावायला सांगा, टपावर अर्धा तास पाणी सोडा आणि आत बसून राहा. "साहेब, आज पाणी नाही" हे उत्तर ठाण्यात खरंही असू शकतं, मग उद्या जा.

पाइप लावण्याआधी आत शिरा, एसी बंद करा, गाद्या उचला आणि बर्थच्या खालच्या कोपऱ्यात नाक घाला. कुबट वास लपत नाही. गाडीत एअर फ्रेशनरचा भपकारा असेल तर मी दुप्पट बघतो. झरोक्याभोवतीचं, खिडक्यांखालचं, कपाटाच्या मागचं प्लाय स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. कोरडं प्लाय टक्क वाजतं, भिजलेलं थप्प. डीलरकडून शिडी मागून घ्या आणि टपावर चढा. डीलर चढू देत नसेल तर कारण तिथेच आहे.

खाली न बघणे

टपाचं झालं, आता तळ. गाडी खाडीकाठी वाढलेली असेल तर गंज धरून चाला. चेसिसवर ताजा काळा अंडरकोट चमकत असेल तर आनंदू नका, विक्रीच्या आठवड्यात मारलेला अंडरकोट गंज झाकण्यासाठीच असतो. बारीक हातोडीने ठोकून पाहा. मागचे पाटे एका बाजूला सपाट झालेत का, गाडी उभी असताना झुकते का, हे लांबून बघितलं तरी कळतं.

वजनाचं कुणी विचारतच नाही. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो आले, त्यावर बॅटऱ्या, फर्निचर, एसी, माणसं, कुकर, क्रिकेटची किट. गाडी भरून कळंबोलीच्या एखाद्या वजनकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडा. त्यापेक्षा जास्त भरलं तर घाट उतरताना ब्रेक तुम्हाला सांगतील. बसच्या चेसिसवरची मोठी गाडी घेणार असाल तर हेही बघा: एकूण वजन ७,५०० किलोच्या वर असेल तर साधं कारचं लायसन्स चालत नाही.

बॅटरीवर रात्रभर एसी चालेल, यावर विश्वास ठेवणे

नाही चालत. १२ व्होल्टच्या १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर, म्हणजे लेड-अॅसिड, बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३,६०० वॉट-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला १,८००. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना हजार-बाराशे वॉट ओढतो. दीड तास, फार तर पावणेदोन. यार्डात एसी थंडगार असतो कारण मागून भिंतीतल्या प्लगची वायर आलेली असते, ती बघा आणि काढायला सांगा. लिथियम असेल तर गणित सुधारतं, पण "लिथियम आहे" हे स्टिकरवरून नाही, बॅटरीच्या लेबलवरून ठरवा. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरवर, बॅटरीजवळच, फ्यूज आहे का तेही बघा. शंभरातल्या किती गाड्यांत तो नसतो ते मी सांगितलं तर तुम्ही गाडीच घेणार नाही.

आता बाकीच्या चुका पटापट

टायर जाड दिसतात म्हणून खूश होऊ नका. कॅराव्हॅन फिरते कमी, उभी राहते जास्त. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, रबर दगड.

घरगुती गॅस गाडीत असेल तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र हवंच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर पसरतो, खिडकी उघडी ठेवून काही होत नाही.

टेस्ट ड्राइव्ह सर्व्हिस रोडवर घेऊ नका. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ चढवा, सकाळी इंजिन थंड असताना. यार्डात पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुमच्या आधी कुणीतरी ते चालू करून ठेवलंय.

जीएसटीचा पूर्ण किमतीवर हिशोब दाखवत असेल तर विचारा. जुन्या गाडीत तो डीलरच्या नफ्याच्या फरकावर, १८ टक्के लागतो.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि त्यात आतलं फर्निचर, एसी, इन्व्हर्टर लिहून घ्या. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, डीलर काहीही म्हणो. ई-चलनं थकलीत का तेही त्याच बैठकीत बघा, आणि जुना फास्टॅग काढून नवा लावा.

आणि टोकन देण्याआधी टेप घेऊन गाडीची उंची मोजा, टपावरच्या एसीसकट. मग सोसायटीच्या गेटवरची कमान मोजा, स्टिल्टचं छत मोजा. ठाण्यातल्या नव्या टॉवरांच्या पोडियममध्ये ट्रॅव्हलर शिरत नाही. सेक्रेटरींना विचारायचं ते आधी विचारा, आणि व्हॉट्सअॅपवर विचारा, म्हणजे उत्तर लिहून राहतं. नाहीतर गाडी घरी आल्यावर ती रस्त्यावर लावायची, तिथे कुणीतरी तक्रार करायची, मग महिन्याला पार्किंगचं भाडं देऊन तळोज्याला उभी करायची, आणि ती दोन महिने बंद राहिल्यावर बॅटरी उतरली म्हणून माझ्या शेडमध्ये टो करून आणायची. टोइंगवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे, तोही माझ्याच गिऱ्हाइकांवर जगतो.