मोटर प्रोटीन आपला माल ओळखतं कसं, हे शोधून काढायचं कसं

तुमचा कार्गो, म्हणजे वाहून नेला जाणारा माल, पेशीत पळताना दिसतोय, लेबल छान लागलंय, व्हिडिओपण घेऊन झालाय, आणि आता पुढचा प्रश्न येतो की याला ओढतंय कोण आणि ओढणारं याला ओळखतं कसं. हे कुठून सुरू करायचं ते जरा सविस्तर लिहितोय, कारण मी स्वतः सुरुवातीचे काही महिने चुकीच्या टोकाने हे काम धरलं होतं.

चुकीचं टोक म्हणजे मी मोटर, म्हणजे माल ओढणारं प्रोटीन, हातात घेतली आणि तिला काय काय चिकटतं ते बघत बसलो. पण बहुतेक वेळा मोटर व्हेसिकलला (मेम्ब्रेनच्या छोट्या पिशवीला) थेट धरतच नाही, मधे एक अडॅप्टर प्रोटीन असतं, त्याचं एक टोक मोटरला आणि दुसरं टोक कार्गोवरच्या खुणेला. ही खूण म्हणजे कधी जीटीपी हा रेणू धरून बसलेलं, म्हणजे चालू स्थितीतलं, रॅब प्रोटीन, कधी मेम्ब्रेनमधून आरपार गेलेलं प्रोटीन, कधी नुसतं मेम्ब्रेनमधलं लिपिड. थेट पकडसुद्धा असते, म्हणजे केआयएफ१ए नावाचं कायनेसिन (मोटरचा एक प्रकार) आपल्या शेपटाकडच्या पीएच डोमेनने फॉस्फोइनोसिटाइड लिपिडला धरतं, पण त्यालाही लायसोसोमसारख्या मालावर एआरएल८ या दुसऱ्या प्रोटीनची मदत लागते. म्हणून कार्गोकडून मोटरकडे या, उलटं नको.

सगळ्यात आधी दिशा बघा. ॲक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) यासाठी उत्तम कारण तिथे मायक्रोट्यूब्यूलची, म्हणजे मोटर ज्यांवरून धावतात त्या नळ्यांची, प्लस टोकं सगळी बाहेरच्या बाजूला असतात, मग बाहेर जाणारा माल बहुतेक प्लस टोकाकडे धावणाऱ्या कायनेसिनचा आणि आत येणारा उलट धावणाऱ्या डायनीनचा. सस्तन प्राण्यांच्या डेंड्राइटमधे (चेतापेशीच्या बाकीच्या फांद्यांमधे) दोन्ही दिशांच्या ट्यूब्यूल मिसळलेल्या असतात, तिथे हा हिशोब चालत नाही. कायमोग्राफ, म्हणजे व्हिडिओवरून काढलेला हालचालीचा आलेख, काढा, आडवं अंतर आणि वरून खाली वेळ, तिरकी रेघ म्हणजे धाव, उभी रेघ म्हणजे थांबलेला. एकच रेघ आधी उजवीकडे, मग थोडी उभी, मग डावीकडे गेलेली दिसली तर घाबरू नका, एकाच मालावर दोन्ही मोटर बसलेल्या असणं अगदी नेहमीचं आहे.

आता खूण. रॅबवर संशय असेल तर जीटीपीत अडकलेला आणि जीडीपीत अडकलेला (म्हणजे बंद) असे दोन म्युटंट जोडीने वापरा, रॅब६साठी क्यू७२एल आणि टी२७एन. खरा अडॅप्टर पहिल्याला धरतो, दुसऱ्याला सोडून देतो. बफरमधे मॅग्नेशियम विसरू नका, ते नसेल तर रॅबकडचा न्यूक्लिओटाइड (म्हणजे तो जीटीपी किंवा जीडीपी) सुटतो आणि तुम्ही उगाच अँटीबॉडीला दोष देत बसता. आणि आयसोफॉर्म (एकाच जीनपासून बनणाऱ्या प्रोटीनचं कुठलं रूप आहे ते) तपासा, हे मी हात जोडून सांगतो. मेलॅनोसोमचं, म्हणजे रंगाच्या कणांचं, उदाहरण घ्या: रॅब२७ए मेलॅनोसोमवर बसतं, त्याला मेलॅनोफिलिन धरतं, आणि मेलॅनोफिलिन मायोसिन ५ए या मोटरला धरतं. तिघांपैकी एक तुटलं तरी रंगाचे कण पेशीच्या मधोमध गोळा होतात, ग्रिसेली सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचे तीन प्रकार म्हणजे याच साखळीच्या तीन कड्या, पहिल्यात मायोसिन, दुसऱ्यात रॅब, तिसऱ्यात मेलॅनोफिलिन. पण मेलॅनोफिलिन मायोसिनला ओळखतं ते मुख्यतः एक्सॉन एफ या जीनच्या तुकड्यामुळे, आणि मेंदूतल्या आयसोफॉर्ममधे हा एक्सॉनच नसतो. मायोसिनचा क्लोन मेंदूच्या लायब्ररीतून काढला असेल तर तुमचा पुलडाउन (एका प्रोटीनने त्याला चिकटणारं दुसरं ओढून काढायचा प्रयोग) रिकामाच येणार, प्रयोग चुकलाय असं वाटेल पण चुकलाय तो क्लोन.

मोटरकडच्या टोकाला कायनेसिन-१ असेल तर अडॅप्टरची सीक्वेन्स उघडा आणि ज्या भागाला पक्की घडी नाही असा भाग डोळ्याखालून घाला. तिथे एखादं ट्रिप्टोफॅन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ॲस्पार्टेट किंवा ग्लुटामेट दिसलं की खूण करून ठेवा, याला डब्ल्यू-ॲसिडिक मोटिफ म्हणतात. कायनेसिनच्या लाइट चेनमधे (माल धरणाऱ्या छोट्या भागात) टीपीआर नावाच्या हेलिक्सच्या जोड्या एकामागे एक रचलेल्या असतात, त्यांच्यामधे एक खोबणी तयार होते, आणि हा छोटासा पेप्टाइड त्या खोबणीत ताणून बसतो, ट्रिप्टोफॅन एका खिशात घुसतं आणि आजूबाजूचे निगेटिव्ह चार्ज खोबणीतल्या पॉझिटिव्ह चार्जना धरतात. एसकेआयपी या लायसोसोमच्या अडॅप्टरबरोबरचं हे स्ट्रक्चर २०१३ मधे आलं, ते एकदा स्क्रीनवर फिरवून बघाच, मग पुढे काय म्युटेट करायचं ते आपोआप कळतं. पकड चार्जवर आहे म्हणजे वॉशमधे मीठ वाढवलं की ती सुटणार, तेव्हा आधी साध्या १५० मिलीमोलरवर करा. ही पकड मायक्रोमोलरच्या घरातली, म्हणजे तशी ढिलीच, कॅलसिन्टेनिन-१ या मेम्ब्रेनमधल्या प्रोटीनमधे तर असे दोन मोटिफ आहेत. मला हा ढिलेपणा फार आवडतो, कारण जो माल सोडताच येत नाही तो पोचवून काय उपयोग.

आता माझी चूक. मी फक्त टीपीआरचा तुकडा घेऊन पुलडाउन केला, बँड जाड आला, खूश झालो, आणि पूर्ण लांबीची लाइट चेन घेतल्यावर तोच बँड जवळपास गायब. कारण लाइट चेनचाच एक ॲसिडिक भाग त्याच खोबणीवर आडवा पडून राहतो, आणि हेवी चेनचं (मोटरच्या मुख्य भागाचं) शेपूट पण वळून मोटरच्या डोक्याला धरून ठेवतं. रिकामी मोटर स्वतःला बंद ठेवते, नाहीतर मालाशिवाय धावून एटीपी जाळत बसेल. तर तुकडा आणि पूर्ण प्रोटीन दोन्ही शेजारी शेजारी करा, आणि फिका बँड आला म्हणून पकड नाहीच असं लिहू नका. उलटही तितकंच खरं, चिकटलं म्हणजे मोटर चालू झाली असं नाही.

हे डायनीनमधे तर फारच स्पष्ट दिसतं. सस्तन प्राण्यांचं डायनीन एकटं असलं की लांब पळत नाही, त्याला डायनॅक्टिन हा मदतनीस प्रोटीनसंच आणि अडॅप्टर दोन्ही लागतात, हे २०१४ मधे शुद्ध प्रोटीन वापरून दाखवलं गेलं. बीआयसीडी२ या अडॅप्टरचा पुढचा भाग लांब कॉइल्ड-कॉइल होऊन डायनॅक्टिनच्या दांडीला लागून बसतो आणि डायनीनला तिथे बांधतो, मागचा भाग रॅब६ ला धरतो. पूर्ण प्रोटीन रिकामं असताना दुमडलेलं असतं, नुसता पुढचा भाग घेतला की कायम चालू, म्हणून तो पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवा.

अडॅप्टर खरंच मोटर बोलावतो का, यासाठी मला पेरॉक्सिझोमची टेस्ट सगळ्यात भरवशाची वाटते. पेरॉक्सिझोम (पेशीतले छोटे गोल अवयव) स्वतःहून फार हलत नाहीत, सीओएस-७ सारख्या पसरट पेशीत ते ठिपक्यांसारखे विखुरलेले दिसतात. त्यांच्यावर एफकेबीपी लावा, अडॅप्टरच्या तुकड्याला एफआरबी लावा, या दोघांना एकमेकांशी जोडणारं रॅपलॉग हे रसायन टाका आणि कॅमेरा चालू ठेवा. काही मिनिटांत ठिपके कडेला जाऊन झालर धरायला लागले तर कायनेसिन आलं, आणि मधोमध एकच गोळा झाला तर डायनीन. मग तेच त्या ट्रिप्टोफॅनच्या जागी ॲलानिन घालून करा, ठिपके जागचे हलायला नकोत. अल्फाफोल्ड या प्रोटीनची रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रामने काढलेलं मॉडेलपण असंच तपासायचं, सुंदर चित्र आलं तरी पॉइंट म्युटंट केल्याशिवाय त्यावर काही बांधू नका.

यानंतर मूळ मालावर या. अडॅप्टर काढून टाका, मग चांगला आणि म्युटंट दोन्ही परत घाला, पण पेशीत मुळात जेवढा असतो साधारण तेवढाच. जास्त झाला की तो सगळं कायनेसिन आपल्याकडे ओढून घेतो आणि ज्या मालाशी त्याचा काही संबंध नाही तोही थांबतो, मग तुम्ही भलताच निष्कर्ष काढता.

मोटर आणि माल वेगळे होण्याचा, म्हणजे सुटकेचा भाग लोक वेळ संपला म्हणून सोडून देतात, तो सोडू नका. यीस्टमधे व्हॅक्युओल (साठवणीची पिशवी) कळीत, म्हणजे फुटणाऱ्या नव्या पेशीत, पोचलं की त्याचा अडॅप्टर व्हॅक१७ तोडला जातो आणि मायोसिन मोकळं होतं. मायटोकॉन्ड्रियावर मिरो नावाचं प्रोटीन असतं, ते ट्रॅक या अडॅप्टरमार्फत कायनेसिनला जोडलेलं, आणि मिरोला कॅल्शियम लागलं की मायटोकॉन्ड्रिया थांबतात. का थांबतात याची दोन मॉडेल्स २००९ मधेच आली, एकात कायनेसिन मिरोपासून सुटतं, दुसऱ्यात ते मायटोकॉन्ड्रियावरच राहतं पण त्याचं डोकं ट्यूब्यूल सोडून मिरोला धरतं. तुमच्याही मालाबाबत हाच फरक बघायचाय, तेव्हा माल आणि मोटर दोन्हींना वेगळे रंग लावा, कॅल्शियम वाढवा, आणि थांबलेल्या ठिपक्यावर मोटरचा रंग अजून आहे की गेला ते फ्रेम फ्रेम करून मोजा.