शाळेचं सरकारी काम घेताय? आधी तुमचा सगळ्यात वाईट आठवडा शोधा

टेंडर हातात आलं की बहुतेक जण एकच आकडा बघतात, काम एकूण कितीचं आहे. छोट्या कॉन्ट्रॅक्टरला तो आकडा फारसं काही सांगत नाही. कामाच्या सगळ्यात वाईट आठवड्यात आपल्या खिशातून किती गेलेले असतील आणि साईटवर आपली हक्काची माणसं किती असतील, हे काढा.

पैशाचं आधी बघू, कारण चांगली काम करणारी माणसं तिथेच बुडतात. एका कागदावर आठवडे लिहून काढा, अगदी काम संपल्यानंतरचे दोन महिनेही. प्रत्येक आठवड्यापुढे जाणारे पैसे टाका, मजुरी, मटेरियल, भाड्याची मशिनरी. येणारे पैसे लिहिताना मात्र स्वतःला फसवू नका, कारण आधी काम होणार, मग मोजमाप, मग बिल टाकायचं, इंजिनियर तपासणार, ऑफिसात मंजुरी, मग कुठे पेमेंट. बिल महिन्याचं असेल आणि पेमेंटला पुढे ४५ दिवस लागले तर पहिल्या दिवशी दिलेली मजुरी तुम्हाला ७५ दिवसांनी परत मिळते, आणि मजुराला तर आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्यायचेच असतात, द्यायलाच हवेत. तोवर गेलेले आणि आलेले पैसे यांच्यातला खड्डा कागदावर जिथे सगळ्यात खोल दिसतो तेवढी रक्कम स्वतःची आणि बँकेची मिळून उभी राहत नसेल तर ते काम सोडा.

आता प्रत्येक बिलातून १० टक्के रक्कम कापून ठेवत असतील आणि तुमचा नफाही १० टक्केच असेल, तर काम पूर्ण होऊन ती कापलेली रक्कम सुटेपर्यंत नफा म्हणून हातात काहीच येत नाही. वर बँक गॅरंटीसाठी (बँकेने आपल्या वतीने ऑफिसला दिलेली हमी) मार्जिन, म्हणजे बँकेकडे ठेवलेली आपली रक्कम, अडकलं ते वेगळंच, गॅरंटी सुटेपर्यंत ते हलत नाही. म्हणून दुसऱ्या शाळेचं टेंडर भरताना हे अडकलेले पैसे वजा करूनच हिशोब धरा. प्री-बिड मीटिंगमध्ये, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीत, लेखी विचारा: निधी मंजूर आहे की नुसता प्रस्तावित, अॅडव्हान्स मिळतो का, साईटवर आणून ठेवलेल्या मटेरियलचं बिल निघतं का. संकोच करू नका, विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

माणसांचं गणित शाळेच्या कामात जास्त अवघड, कारण सगळ्या शाळा मोठ्या सुट्टीतच कामं काढतात आणि नेमके तेव्हाच प्लंबर, पेंटर, टाइल्सवाले कुणाला मिळत नाहीत. समजा ८ आठवडे सुट्टी आहे, आठवड्याचे ६ दिवस धरले तर ४८ दिवस, आणि कामाला ४८० मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मनुष्यदिवस) लागणार. म्हणजे रोज १० माणसं हवीत, तुमची खात्रीची ६ असतील तर तेच काम ८० दिवसांवर गेलं. माणसं वाढवूनही सगळीकडे वेग येत नाही, टॉयलेट ब्लॉकमध्ये वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवलं की गळती तपासून होईपर्यंत टाइल्सवाल्याला तिथे कामच नसतं, त्यामुळे त्याच्यासाठी दुसरी खोली तयार ठेवावी लागते. आणि सुट्टी संपून मुलं परत आली की आवाजाची कामं शाळा सुटल्यावरच करायची, येण्याजाण्याचा रस्ता वेगळा, बॅरिकेड, कामगारांची पडताळणी, हे सगळं आलं. ते व्हायलाच हवं, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, पण रेट भरतानाच ते धरलेलं असू द्या. सुपरवायझर एकच असेल तर एका वेळी एकच शाळा घ्या.

शेवटचे दोन आठवडे कुणीच धरत नाही. माझं एका शाळेचं काम पूर्ण झालं होतं, राहिली होती फक्त दोन दारांची कडी आणि एका बेसिनचा गळणारा ट्रॅप (खालचा वाकडा पाइप), पण सुतार आणि प्लंबर दोघंही दुसऱ्या साईटवर गेलेले, आणि तेवढ्यासाठी पूर्णत्वाचा दाखला थांबला, दाखल्यामागे सगळी कापलेली रक्कम थांबली. तेव्हापासून मी एक सुतार आणि एक प्लंबर शेवटपर्यंत धरून ठेवतो, काम नसलं तरी, आणि त्यांची हजेरी पहिल्या दिवशीच त्या कागदावर लिहिलेली असते.