वंशावळ पडताळताना कागद आणि डीएनए एकत्र कसे वापरावेत

‘आमचे घराणे मूळ कुठले?’ एवढाच प्रश्न घेऊन डीएनए चाचणी केली तर हाती टक्केवारीचा एक रंगीत नकाशा येतो आणि वंशावळीत एका नावाचीही भर पडत नाही. दोन माणसे एकमेकांच्या किती जवळची, इतकेच चाचणी सांगते. ती कोण, हे कागदच सांगतो. म्हणून प्रश्न नेमका हवा. समजा, एका घराकडे सखाराम रघुनाथ या पूर्वजाची कागदपत्रे आहेत. दुसरे घर म्हणते की आमचा गोविंद रघुनाथ हा सखारामाचा सख्खा भाऊ. दोन्ही रघुनाथ एकच का, हा चाचणीजोगा प्रश्न झाला.

आधी कागद संपवा. जमिनीच्या फेरफारातली वारस नोंद सर्वांत भक्कम, कारण तिथे खोटे नाव घातले तर हिस्सेदार हरकत घेतात. मयताचे नाव, विधवा, मुलगे आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलीही सापडतात. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात जन्म-मृत्यू असतात, पण जुनी पाने मोडीत असतात. स्वतःला येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख १ जून दिसली तर ती बहुधा प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी घातलेली, वर्षही पुढेमागे असू शकते. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाने सांगितलेली तीन-चार पिढ्यांची नावे असतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्यांकडची, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपणाऱ्या समाजाकडची, वंशावळही पाहावी. छापील कुळवृत्तांत वाचताना प्रत्येक दुव्याला आधार कुठला दिलाय ते शोधा; ‘घरच्या माहितीवरून’ असेल तर तो दुवा कच्चा धरा.

इथली सर्वांत मोठी चूक नावांची. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे रघुनाथ सखाराम आणि सखाराम रघुनाथ आलटूनपालटून येत राहतात, आणि दोन पिढ्या सहज एकमेकींत मिसळतात. प्रत्येक नोंदीपुढे वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर लिहिला की हा घोळ बराच सुटतो.

मग चाचणी कोणाची, ते ठरवा. नात्यासाठी नेहमीची ऑटोसोमल चाचणी पुरते. ती वडिलांकडचा आणि आईकडचा दोन्ही वारसा पाहते. मराठी माणसे चाचणी करणाऱ्या कंपन्यांच्या यादीत अजून थोडी आहेत, त्यामुळे चाचणी देऊन जुळणीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. नेमकी माणसे निवडून त्यांना विनंती करावी, आणि ती घरातली सर्वांत थोरली असावीत. सखारामाचा नातू आणि गोविंदाची नात हयात असतील तर ती चुलत-चुलत भावंडे, त्यांच्यात सरासरी सुमारे २२९ सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजण्याचे एकक) सामाईक असतात. त्याच दोघांच्या नातवंडांची चाचणी केली तर सरासरी ३५ वर येते आणि जवळपास निम्म्या जोड्यांत काहीच जुळत नाही. जुळणी नाही म्हणजे नाते नाही, असा निष्कर्ष तिथे काढताच येत नाही. शक्य असेल तर दोन्ही शाखांतून दोन-दोन माणसे घ्या.

सख्ख्या चुलत भावंडांची सरासरी सुमारे ८६६, पल्ला ३९६ ते १३९७. चुलत-चुलतांचा पल्ला ४१ ते ५९२. हे आकडे लोकांनी स्वतःहून कळवलेल्या जुळण्यांवरून काढलेले आहेत आणि त्यांत बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. शेकडो वर्षे लग्ने जातीत, बऱ्याचदा चार-पाच तालुक्यांच्या टापूत होत आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजांचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी ८१ समाज इतक्या मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले की त्या बाबतीत नेहमी उदाहरण म्हणून दिले जाणारे फिनलंडचे लोक आणि युरोपातले अश्केनाझी ज्यूही मागे पडले. त्यात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत. त्यामुळे काहीच ठाऊक नाते नसलेल्या दोन माणसांतही डीएनएचे लहान लहान तुकडे जुळतात आणि बेरीज फुगते.

यावर उपाय आहेत. एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा पाहा: सात-आठ सेंटिमॉर्गनचे दहा तुकडे हे जुने, पसरलेले नाते असते, तीस-चाळीसचे दोन-तीन तुकडे असतील तर सामाईक पूर्वज अलीकडचा. पंधराच्या खालचे तुकडे बेरजेतून वगळून पुन्हा मोजा. शिवाय त्याच समाजातल्या, त्याच तालुक्यातल्या, पण या घराशी नाते नसल्याचे माहीत असलेल्या दोन-तीन जणांची चाचणी मिळाली तर त्यांच्याशी किती जुळते ते बघा. तो झाला पायाचा आकडा. जीईडीमॅच या डीएनए फाइली ताडून पाहण्याच्या संकेतस्थळावर आई-वडील एकमेकांचे नातलग आहेत का हे तपासण्याची सोय आहे, ती प्रत्येक नमुन्यावर वापरा.

आता अडचणीची जागा. रघुनाथाची पहिली बायको वारली आणि गोविंद दुसरीचा असेल, तर ही नातवंडे सावत्र शाखांतली होतात आणि सरासरी सुमारे १२० वर येते. पण दोन्ही पल्ले एकमेकांत इतके शिरतात की १५० आकडा आला तर दोन्ही शक्य. फक्त आईकडून येणारा वारसा पाहणारी मायटोकॉन्ड्रियल चाचणी इथे निरुपयोगी, कारण मुलगे आईचा तो वारसा पुढे देत नाहीत. इथे निकाल कागदानेच लागतो: आईचे नाव असलेली मृत्यूनोंद किंवा वारस नोंदीतली विधवा.

मध्ये कुणी दत्तक आला असावा असा संशय असेल तर वाय-डीएनए, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी लागते आणि ती फक्त अखंड पुरुषवंशातल्या पुरुषाची होते. दोन्ही शाखांतल्या एकेका पुरुषाची ३७ मार्करची (वाय गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक जागा ताडून पाहणारी) चाचणी करावी. फरक शून्य ते दोन असेल तर पुरुषवंश एकच असण्याची शक्यता दाट, पण ती सारी भावकीच तशी असते, त्यामुळे ‘सख्खे भाऊ’ हे यातून सिद्ध होत नाही. फरक दहा-बारा निघाला तर कुठेतरी साखळी तुटली आहे. ती कोणत्या पिढीत तुटली हे कळायला तिसऱ्या शाखेतला पुरुष हवा. भावकीतून घेतलेला दत्तक मात्र या चाचणीत दिसतच नाही. लेकीचा मुलगा दत्तक घेतला असेल तर वाय जुळत नाही आणि ऑटोसोमल जुळते. अशा वेळी दत्तकपत्र शोधा. घरजावयाच्या मुलांनी आजोळचे आडनाव लावले असेल तरीही नेमके हेच चित्र दिसते.

जात ठरवण्यासाठी किंवा जातपडताळणीसाठी यातले काहीही वापरू नये. डीएनएवर जात लिहिलेली नसते आणि पडताळणी समिती जुन्या नोंदी पाहते.

नमुना देण्याआधी त्या माणसाला मराठीत, समोर बसून सांगा: अनपेक्षित नाते निघू शकते, ते कोणाला सांगायचे, खाते कोणाच्या ताब्यात, त्यांच्या पश्चात काय करायचे. उत्तरे लिहून सही घ्या. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. कंपनी भारतात किट पाठवते आणि परत घेते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. वयस्कांना लाळ कमी सुटते, म्हणून गालाच्या आतून काडी फिरवायची चाचणी बरी. आधी अर्धा तास खाणे, चहा, तंबाखू बंद, आणि नळीचा क्रमांक नमुना घेण्याआधीच त्याच माणसाच्या नावावर नोंदवा. दोन भावांच्या नळ्या अदलाबदल झाल्या तर पुढचे सगळे चुकते. निकाल आला की मूळ डेटा फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवा. कंपनीवर विसंबू नका; २३अँडमी ही डीएनए चाचणीची एवढी मोठी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

वंशावळीत दुवा लिहिताना नुसती रेघ ओढू नका. खाली लिहा: फेरफार क्रमांक व वर्ष, चाचणी कोणत्या दोघांची, एकूण सेंटिमॉर्गन, सर्वांत लांब तुकडा, पायाचा आकडा, आणि कोणती दुसरी शक्यता अजून उरली आहे. हयात माणसांची नावे छापील प्रतीत घालू नका. तिथे ‘सखारामाचा नातू’ एवढे पुरते.