दारूविक्रीचं पर्सनल लायसन्स (व्यक्तीच्या नावावरचा परवाना) आहे आणि कोर्टात शिक्षा झाली? मग हे वाचा (इंग्लंड-वेल्स)

पहिलं म्हणजे लपवू नका, ड्रिंक-ड्राइव्ह, चोरी, ड्रग्ज असल्या गुन्ह्यात दोषी ठरलात की लायसन्स देणाऱ्या स्थानिक कौन्सिलला लगेच कळवायचं, नाहीतर तो वेगळाच गुन्हा. 2017 पासून कौन्सिल स्वतःहून लायसन्स 6 महिन्यांपर्यंत सस्पेंड किंवा थेट रद्द करू शकते. आधी नोटीस येते, मग तुमचं म्हणणं मांडायला 28 दिवस. इथेच लोक आळस करतात राव! नेमकं काय घडलं, त्यानंतर काय सुधारलं, सगळं कागदावर द्या. लायसन्स रद्द न करायचं ठरलं तरी कौन्सिल आधी पोलिसांना विचारते, त्यांना 14 दिवस. निर्णय पटला नाही तर 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील. आणि हो, पबचं प्रिमायसेस लायसन्स (त्या जागेचा परवाना) वेगळं, त्याचा रिव्ह्यूही वेगळा.