पालापाचोळ्याचा पिंजरा: झाडू जिथे थांबतो तिथे

कॉलेजच्या आवारात पालापाचोळा जाळणं थांबवायचंय? मग आधी झाडणाऱ्या मावशींबरोबर सकाळी सहाला एक फेरी मारा. मी वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. एवढं कळायला मला एक अख्खं वर्ष लागलं. पानांचं खत करायला पहिला खड्डा आम्ही वसतिगृहामागे खणला, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. फेब्रुवारीत रेनट्री गळायला लागली. आठच्या आत मैदान साफ हवं, मग पोती तिथवर ओढणार कोण? मावशींनी काडी लावली. त्यांचं काय चुकलं?

तेव्हा रोज झाडू जिथे थांबतो, तिथेच पिंजरा उभा करा, शक्यतो सावलीत. १२ फूट लांब, ४ फूट रुंद कोंबडीजाळी गोल वळवून टोकं तारेनं बांधली की पावणेचार फूट व्यासाचा पिंजरा झाला. तळ उघडाच ठेवा, गांडुळं खालून येतात.

वीतभर पानं, त्यावर शेणकाला, पायानं दाबायचं, पुन्हा पानं. शेण का? वाळल्या पानात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३०:१ हे प्रमाण मानवतं. मेसमधली भाजीची देठं-सालीही चालतात. रस्सा-भात मात्र नको! आमच्या उत्साही पोरांनी बादलीभर आणून ओतला आणि रात्रीत कुत्र्यांनी पिंजरा आडवा केला.

पाणी किती, ते मूठ सांगते. आतली पानं पिळली की एखाद-दोन थेंब यावेत. धार आली तर जास्त झालं. चार-पाच दिवसांनी मधोमध लोखंडी सळई खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर काम सुरू आहे. गार लागली तर पाणी नाहीतर शेण कमी. वास मारत असेल तर ढीग उपसून कोरडी पानं मिसळा. एरवी पंधरा दिवसांनी एकदा उलथलं तरी पुरे.

रेनट्रीची बारीक पानं लवकर कुजतात. साग आणि निलगिरीला वेगळा पिंजरा द्या, ती चिवट असतात. फेब्रुवारीत भरलेला पिंजरा आमच्याकडे वृक्षारोपणाच्या वेळेपर्यंत तयार होतो: रंग काळपट, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. बांधकामाची वाळू चाळायची चाळणी मागून आणा आणि खत चाळा. वर उरलेला चोथा फेकू नका, पुढच्या पिंजऱ्याला विरजण म्हणून लावा.